ओठावरचा फेस

शिवाजी पेठ, कोल्हापूर
१२ जानेवारी २०२५

आबा,

पत्राच्या सुरुवातीला जे नमस्कार लिहायचे असतात ते सगळे लिहिले आहेत असं धरा. मी चिडलेली आहे, आणि चिडून केलेला नमस्कार तुम्हाला लागायचा नाही.

गेल्या रविवारी मी कागलला उतरले, वडापची जीप धरली आणि आत्तीच्या दारात आले. आत्ती म्हणाली, "आत्ता हितंच बसलेला की गं." कट्ट्यावर तुमचा कप होता, अर्धा, अजून गरम. परड्याचं दार सताड उघडं. म्हणजे लेक पुढच्या दाराने आली आणि बाप मागच्या दाराने उसात गेला. दुपार कलेपर्यंत मी बसून राहिले. लहानपणी लपंडावात तुम्ही मुद्दाम सापडायचात, आबा.

कपात कोरा चहा होता. तुम्ही आणि कोरा चहा! मला वाटलं कुणा पाहुण्याचा असेल.

फोन तुम्ही कपाटावर ठेवून गेलात तो अजून तिथेच आहे. आई रोज पुसते, चार्जिंगलाही लावते. कशाला म्हणून विचारलं की भांडी आपटते. म्हणून हे पत्र. फक्रुद्दीनचाचा पेंड पोचवायला तिकडे येतात, त्यांच्या हाती देते आहे. चाचांसमोरून पळून दाखवा.

आता जे बोलायला आले होते ते लिहिते. यशाच्या दहाव्याला, नदीवरून आल्यावर, भावकी बसलेली असताना आई तुम्हाला म्हणाली, "दूध पाजून पाजून माझ्या पोराच्या हाडात चरबी भरली तुम्ही." तिसऱ्या दिवशी चाचांना बोलावून म्हशी विकायला काढल्यात आणि आठवडाभरात घर सोडलंत. पिढ्यान्‌पिढ्या ज्या घराने कट्ट्यावर म्हैस उभी करून गिऱ्हाइकाच्या ग्लासात धार काढली, त्या घरात आता पिशवीचं दूध येतं. आई ते तापवते आणि म्हणते, "ह्याला साय बी धरत न्हाय." मग स्वतःच पातेलं झाकून ठेवते.

आईने ते मनाने रचलेलं नाही. पुण्याच्या डॉक्टरांनी पडद्यावर यशाच्या मज्जेचा फोटो दाखवला होता, आठवतं? जिथे दाटीवाटीने पेशी असायला हव्यात तिथे नुसते पांढरे गोल. डॉक्टर म्हणाले, "ही सगळी चरबी." आईने तेवढंच ऐकलं. पोरगा बावीस वर्षांचा, फुटबॉल खेळणारा, मैदानावरून येताना अंगावर काळेनिळे डाग घेऊन आला आणि डॉक्टरांनी सांगितलं काय, तर हाडात चरबी. ज्या घरात दुधातुपाशिवाय दुसरं काही पिकत नाही, त्या घरात माणूस दुसरं काय समजणार?

पण ते खरं नाही. माझं पीएचडीचं डोकंफोडीचं कामच हे आहे, मूळपेशी आणि चरबी. भावाला नेमका त्यातलाच आजार व्हावा, याला काय म्हणायचं ते मला अजून सुचलेलं नाही. हाडाच्या पोकळीत मूळपेशी असतात. सगळं रक्त त्यांच्यापासून होतं. यशाच्या अंगातल्या राखणदार पेशींनीच वेड लागल्यासारखं त्या मूळपेशींना मारलं. का मारलं, ते बहुतेक वेळा कुणालाच सांगता येत नाही. घर रिकामं पडलं आणि मग तिथे चरबी राहायला आली. चरबी आली म्हणून घर रिकामं झालं नाही, घर रिकामं झालं म्हणून चरबी आली. ज्याने जन्मात दुधाचा थेंब घेतला नाही त्यालाही हा आजार होतो, आणि त्याचाही फोटो तसाच दिसतो.

एवढं वाचा आणि घरी या. आईला मी हे समजावलं आहे. ती "कळलं" म्हणाली, आणि पदर तोंडात धरून मोरीकडे गेली.

तुमची
अनुजा


९ फेब्रुवारी २०२५

आबा,

आत्तीचा काल फोन आला. म्हणजे तो कोरा चहा तुमचाच होता.

आत्ती म्हणाली, "किस्नातनं दूध सोडलंय, तूप सोडलंय, आमटीला फोडणी घालू देत न्हाय. नुसती भाकरी आन् उकडल्यालं. सदऱ्यात हाय का न्हाय कळंना झालंय." तिने तुम्हाला विचारलं, तर तुम्ही म्हणालात म्हणे, की माझ्या अंगात चरबी नको.

माझं पत्र वाचलंत, तरी हे? चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची हा कुठला न्याय? दुधाने तोंड पोळल्यावर माणूस ताक फुंकून पितो हे मी समजू शकते, पण तुम्ही तर पोळलंही नाही तिथे फुंकत बसला आहात.

मग ऐका चरबीची बाजू. तिच्या बाजूने बोलायला या घरात मीच एक उरले आहे.

तुमच्या गोठ्याचा एक नियम होता. किती का रेड्या होईनात, विकायच्या त्या विकायच्या, पण एक चांगली रेडी दावणीला ठेवायची. ती विकायची नाही, तिला उगाच दामटायचं नाही, चांगलं खायला घालायचं. तुम्ही म्हणायचात, "ही गेली की गोठा गेला." मूळपेशींचंही तेच आहे. एकीच्या दोन होतात तेव्हा एक कामाला जाते, रक्त होते, झिजते, मरते. दुसरी मागे राहते, मूळ म्हणून. आणि मुकाट मागे राहण्यासाठी तिला जे लागतं ते म्हणजे चरबी, आबा. कामाला निघालेल्या पेशी साखर भराभरा जाळतात. दावणीची चरबी जाळते, हळूहळू. उंदरांच्या पेशींत चरबी जाळण्याची ती वाट बंद करून पाहिली, तेव्हा सगळ्याच कामाला निघाल्या. थोडे दिवस रक्त चांगलं झालं, मग दावण रिकामी.

एवढंच नाही. मज्जा उद्ध्वस्त झाली की तिथे आलेल्या चरबीच्या पेशी उरल्यासुरल्या मूळपेशींना खाऊपिऊ घालतात, असं काही जणांना दिसलं आहे. काही जण म्हणतात, उलट त्या अडवतात. त्यावर आमच्यात भांडण आहे. मी पहिल्या बाजूची. यशाच्या आजाराआधीपासून, त्यामुळे पक्षपात म्हणू नका.

तुम्ही त्याला मज्जा दिलीत. माझं काहीच जुळलं नाही, सख्खी बहीण असून. तुमचं निम्मं जुळलं. दवाखान्याच्या तारखेआधी तुम्ही रोज तांब्याभर दूध जास्त प्यायला लागलात, "माल घट्ट पायजे" म्हणून. डॉक्टर हसले होते. पण आबा, तो माल धरला होता. सुरुवातीला त्याच्या अंगात जे रक्त होत होतं ते तुमचं होतं. पुढे विझलं, पण आधी धरलं होतं. तुमच्या चरबीवर पोसलेल्या मूळपेशी होत्या त्या. आता तुम्ही स्वतःच्याच दावणीचं तोडायला निघालात.

आणि एक जुनं भांडण आहे, लिहून टाकते. यशाला गोठ्यातच उभ्या उभ्या धार मिळायची. मी पेला पुढे केला की तुम्ही म्हणायचात, "तुला काय कुस्ती खेळायचीय व्हय?" आणि मला आईच्या हातचं तापवलेलं, वर चहाची पावडर. तेव्हा मी तुमच्यावर आठवडा-आठवडा रुसायचे. आता मी म्हणते, नका देऊ मला, पण स्वतः तरी प्या.

एक रेडी अजून दावणीला आहे, तुम्हाला माहीत आहे. चाचा न्यायला आले तेव्हा आई दारात आडवी उभी राहिली. "ही यशाची हाय," म्हणाली. चंद्री आता गाभण आहे. वैरण मी टाकते, शेण आई काढते. चंद्री आम्हा दोघींनाही मोजत नाही.

अनुजा


२ मार्च २०२५

आबा,

फक्रुद्दीनचाचा काल आले, पेंडीचं पोतं उतरवलं आणि पायरीवरच बसले. आई पाणी घेऊन आली तशी म्हणाले, "वहिनी, जरा आत जावा. पोरीशी बोलायचंय." ती आत गेली, पण दाराआड थांबली. दाराखालून तिची पावलं दिसत होती.

चाचांनी तुमचा निरोप जसाच्या तसा सांगितला. "पोरगी शिकलीय, चांगलं लिवती. चरबीचं मला पयल्या पत्रातच कळलं म्हणावं. बायकू बोलली त्याचं बी काय न्हाय, तिचं पोरगं गेलंय. मला चरबीचं नगं. पेल्याचं सांग म्हणावं."

मग चाचांनी मला पेल्याचं सांगितलं, तुम्ही त्यांना सांगितलंत तसं. सप्टेंबरात यशाला पुण्याहून घरी आणलं तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं: सगळं उकळून, कच्चं काही नाही, धारोष्ण दूध तर नावच काढायचं नाही, त्याच्या अंगात जंतूंशी लढायला कुणी नाही. तुम्ही मान डोलावलीत. गोठ्यातून आलात की अंघोळ केल्याशिवाय त्याच्या खोलीच्या उंबऱ्यावरही पाय ठेवत नव्हतात. आणि एका सकाळी तो खिडकीतून म्हणाला, "आबा, तोंडाला चवच न्हाय. आपल्या दुधाचा वास तरी येऊ दे." तुमच्याने राहवलं नाही. पितळी पेला राखेने घासलात, धार काढलीत, खिडकीतून दिलात आणि धारेसाठी परत गोठ्यात गेलात. येऊन पाहिलंत तर पेला रिकामा, यशाच्या ओठावर फेस, आणि तो हसत होता. महिन्याभरात तो गेला.

चाचा म्हणाले, "त्यो म्हणतोय, वहिनी जगासमोर बोलली ती चुकीचं बोलली, पर माणूस बरोबर धरला."

म्हणजे तुम्ही आईच्या बोलण्यावरून गेला नाहीत, आणि चरबी नको हे आत्तीला सांगायचं नुसतं निमित्त होतं. मी दोन पत्रं चरबीची वकिली करत बसले आणि खटला दुसराच होता.

आबा, त्या पेल्याने काही झालं नाही. यशाच्या रक्तातले आकडे त्याच्या आधीच खाली आले होते. पुण्याच्या डॉक्टरांनी मला फोन करून सांगितलं होतं, की दिलेली मज्जा विझत चालली आहे. ते मी यशाला सांगितलं, तुम्हाला आणि आईला सांगायचं धाडस झालं नाही. पेल्याआधीची गोष्ट ही. पेल्यानंतर ताप आला, पण तो येणारच होता.

मी हे तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. त्या पेल्याने काही झालं नाही हे मला पक्कं माहीत आहे. कसं, ते विचारू नका.

आई दाराआडून सगळं ऐकत होती. चाचा गेल्यावर बाहेर आली, पेंडीचं पोतं सरळ केलं आणि म्हणाली, "मला म्हाईत असतं तर मी बोलले नसते." नक्की काय माहीत असतं तर, ते मी विचारलं नाही. तिने कालपासून चंद्रीला कपाळावर हळद लावायला सुरुवात केली आहे.

अनुजा


२१ मार्च २०२५

आबा,

तुम्ही बांधावर चक्कर येऊन पडलात. आत्ती फोनवर रडत होती. डॉक्टरकडे जायला तयार नाही, साखरपाणी दिलं तर थुंकून टाकलं, म्हणाली. मी निघाले होते, तर म्हणाली, "तू आलीस तर त्यो परत उसात जाईल आन् तिथंच पडंल."

आणि चाचांबरोबर तुमचा निरोप आला. "लेक बापाला वाचवाया बोलती. डॉक्टर बी पोराला वाचवाया असंच बोलत हुते."

तुमचं खरं आहे. बापाला वाचवायलाच बोलते आहे. पण जे सांगायला हवं ते सोडून बाकी सगळं बोलते आहे. ते का, हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही माझ्यावर रागवाल तेव्हा थोडं कमी रागवाल.

यशा गेल्यावर तुमच्याकडे त्याचं काय उरलं? बूट आईने ठेवले. जर्सी त्याच्या पेठेतल्या पोरांनी नेली. तुमच्याकडे तो पेला उरला. आपल्या हाताने काढलेली धार पोराने शेवटची घेतली, ओठावर फेस घेऊन हसला. तेवढ्याचसाठी तुम्ही स्वतःला खुनी म्हणता, आणि तेवढ्याचवर तुम्ही जगताही, हे मला चाचांच्या सांगण्यावरून कळलं. सांगताना तुम्ही आधी रडलात आणि हसण्याच्या ठिकाणी येताच हसलात, असं ते म्हणाले. मी खरं सांगितलं तर तुमचा गुन्हा जातो, आणि तो पेलाही जातो. एक ठेवून दुसरं काढून घेता येत नाही. तीन आठवडे मी हेच तपासून पाहते आहे. येत नाही.

शिवाय यशाला शब्द दिला होता. पण त्याने शब्द घेतला तेव्हा तुम्ही धडधाकट होतात.

त्या सकाळी मी त्याच्या गोळ्या घेऊन खोलीत गेले. तुम्ही नुकतेच खिडकीपासून वळला होतात, पाठ दिसत होती. यशाच्या हातात पेला, काठोकाठ. तो वास घेत होता, डोळे मिटून. मी पेला हिसकावायला हात पुढे केला तर त्याने स्वतःच माझ्याकडे दिला आणि म्हणाला, "आक्का, आबांचं मन मोडवत न्हाय. आन् मला मरायचं बी न्हाय. तू पी की."

आकडे खाली आलेत हे त्याला माहीत होतं, आबा. तरी तो म्हणाला मरायचं न्हाय. डॉक्टरांचं त्याने शेवटपर्यंत ऐकलं.

मी म्हटलं, ओतून देते. तर म्हणाला, "आबांचं दूध मोरीत?" आणि माझ्याकडे असा बघायला लागला की मी उभ्या उभ्या, गटागट, ते सगळं प्याले. पेल्याच्या काठाला फेस राहिला होता. तो त्याने बोटाने काढला आणि मिटलेल्या ओठांवर लावला, मिशीसारखा. मी ओरडले, तसं त्याने मला गप्प केलं. तेवढ्यात तुमची चाहूल लागली. मी दाराआड सरकले. तुम्ही खिडकीशी आलात, रिकामा पेला पाहिलात, फेस पाहिलात. तुमचा चेहरा मी दाराच्या फटीतून पाहिला. त्या आजारपणात तो तसा मी एकदाच पाहिला. तुम्ही वळताच यशाने ओठ साबणाने खसखसून धुतले आणि म्हणाला, "सांगू नगंस त्यास्नी. कधीच."

तुमच्या हातचं दूध त्याच्या पोटात गेलं नाही. त्याला पेल्याने मारलं नाही. पेला त्याने घेतलाच नव्हता.

माझ्या हातून तुमच्याकडची मोठी गोष्ट जाते आहे, हे मला कळतं. पण तुम्ही उपाशी मरत असताना ती तुमच्याकडे ठेवून मी काय करू? यशाने तुमचं मन राखण्यासाठी फेसाची मिशी लावली. त्या मिशीपायी तुम्ही मरावं, हे त्याला चाललं नसतं. तो भांडला असता तुमच्याशी.

आई आता हे सगळं जाणते. तिला मीच वाचून दाखवलं. ती एवढंच म्हणाली, "यायला सांग." तुम्ही घरातून गेल्यापासून तिने तुमच्यासाठी बोललेलं हे पहिलंच वाक्य, तेही अर्धं. चंद्रीचे दिवस भरलेत, कास उतरली आहे. धार आमच्या दोघींपैकी कुणालाच नीट येत नाही.

अनुजा


३० मार्च २०२५, पाडवा

आबा,

यंदा आपल्याकडे गुढी नाही. पेठेत सगळीकडे उभ्या आहेत, आईने आपल्या खिडकीचा पडदा ओढून घेतला आहे.

चाचा सकाळीच आले. मी विचारलं, वाचलं का? म्हणाले, वाचलं, माझ्यासमोर. चष्मा पुसून दोनदा वाचलं. मग पत्र घडी करून मांडीखाली ठेवलं. चाचांना वाटलं तुम्ही आता ओरडाल, किंवा उठून जाल. मी मूर्ख, मला वाटत होतं तुम्ही येतो म्हणाल. चाचा म्हणाले, किस्नातराव रडला न्हाय. येतो म्हणाला न्हाय, येत न्हाय बी म्हणाला न्हाय. एवढंच विचारलं त्यानं, "अनूला गोड लागलं व्हय?"

लागलं, आबा. गरम होतं आणि फार गोड लागलं.

तुमची
अनू